पासबुक प्रिंटर अडला आणि चार वर्षे अपडेट बंद राहिले: बेळगावच्या एका पतसंस्थेचे प्रकरण

सीमाभागातल्या एखाद्या पतसंस्थेत सगळ्या मशीनवर विंडोज अपडेट बंद दिसले, तर सर्व्हर रूममध्ये जाण्याआधी काउंटरवरचा पासबुक प्रिंटर बघावा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. या प्रकरणातही तसेच झाले.

संस्था नमुन्यादाखल उभी केलेली आहे, म्हणून नाव नाही आणि संख्याही नमुन्याच्याच. यंत्रे, बिघाड आणि अडचणी मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जशा असतात तशाच घेतल्या आहेत. कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था, मुख्य कार्यालय बेळगाव शहरात. शाखा अकरा: शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ, येळ्ळूर, उचगाव, कडोली, खानापूर, नंदगड, जांबोटी आणि निपाणी. मुख्य कार्यालयात १९ संगणक, प्रत्येक शाखेत ५, असे एकूण ७४. ईडीपी, म्हणजे संगणक विभागात, माणसे दोन. कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर बाहेरच्या व्हेंडरचे, सर्व्हर मुख्य कार्यालयात, शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी सुरक्षित जोडणीने, जोडलेल्या.

काय घडले

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका सोमवारी खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत सह्यांचे स्कॅन आणि केवायसीचे फोटो ठेवलेले शेअर फोल्डर उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेले आणि फोल्डरागणिक खंडणी मागणारी एक टेक्स्ट फाइल. फोल्डर विंडोज ७ च्या मशीनवर होते. खात्यांच्या नोंदी मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर असल्यामुळे पैशाचा हिशेब वाचला. सह्या आणि कागदपत्रे मात्र खातेदारांना बोलावून पुन्हा घ्यावी लागली.

हल्लेखोर आत कुठून आले, याला दोन उत्तरे शक्य होती. शाखेच्या राउटरवर व्हेंडरच्या सोयीसाठी, दुरून मशीन चालवता यावे म्हणून, रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे होते, आणि त्या विंडोज ७ वर रिमोट डेस्कटॉपमधल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीचा मे २०१९ चा पॅच (त्रुटी बुजवणारे अपडेट) नव्हता. दुसरे म्हणजे राउटर मायक्रोटिकचा होता आणि त्यातले राउटरओएस ६.४० होते. विनबॉक्स या राउटर चालवायच्या साधनामार्फत पासवर्ड काढून घेता येतात ही त्यातली त्रुटी एप्रिल २०१८ मध्येच ६.४२.१ या आवृत्तीने बुजवली होती. यांपैकी नेमके कोणते दार वापरले गेले ते ठरवता आले नाही, कारण लॉगच उरले नव्हते. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ मांडणीत २० एमबीचा असतो. भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. राउटरचा लॉग मेमरीत होता, आणि घाबरून सगळ्यांत आधी राउटरच बंद-चालू केला गेला.

इथे एक गैरसमज काढायला हवा. सौहार्द पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. त्यामुळे नागरी सहकारी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ ला आलेली सायबर सुरक्षेची चौकट आपल्याला लागू नाही, हे संचालक मंडळाचे म्हणणे बरोबरच आहे. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कोणत्याही निगम संस्थेला लागू आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस भारतात जपायचे. या संस्थेत दोन्ही झाले नाही, कारण हे निर्देश आपल्यासाठीही आहेत हे कोणाच्या गावीच नव्हते. रिझर्व्ह बँकेची चौकट बंधनकारक नसली तरी तिची पहिली पातळी वाचण्यासारखी आहे. संगणकांची यादी, पॅच, वापरकर्त्यांचे अधिकार असा कामांचा क्रमच तिथे आयता मिळतो.

अपडेट कधी आणि का बंद झाले

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलर या छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेतली ‘प्रिंटनाइटमेअर’ त्रुटी उघड झाली. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर छपाईचे नियम टप्प्याटप्प्याने आवळले. ऑगस्टपासून प्रिंटर ड्रायव्हर घालायला अ‍ॅडमिन अधिकार सक्तीचे झाले, आणि सप्टेंबरच्या अपडेटने शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्टेड असण्याची अट घातली. या अटीत न बसणाऱ्या जोडणीला ‘११बी’ने संपणारा त्रुटी क्रमांक दिसू लागला.

शाखेतली मांडणी डोळ्यांसमोर आणा. पासबुक प्रिंटर एकच, काउंटर एकच्या मशीनला यूएसबीने जोडलेला. दोन आणि तीन नंबरचे काउंटर शेअरिंगने त्याच्यावर छापतात. शेअरला पासवर्ड नाही, कारण एकदा पासवर्ड दिला की रोज सकाळी तो विचारतो. तिन्ही मशीनची विंडोज आवृत्ती वेगळी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनचे पैसे जमा झालेले, पासबुक भरून घ्यायला रांग लागलेली आणि दोन काउंटरांवर छपाई ठप्प. शाखाधिकारी फोनवर एवढेच सांगणार: “पासबुक छापेना झालंय बघा सर, गिऱ्हाईक दारापर्यंत आलंय.”

हार्डवेअर देखभालीच्या इंजिनिअरने त्या दिवशी तीन गोष्टी केल्या. सप्टेंबरचे अपडेट काढले, रजिस्ट्रीत ती एन्क्रिप्शनची अट शून्य केली आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून विंडोज अपडेटची सेवा बंद करणारी एक बॅच फाइल बनवून सगळ्या शाखांत चालवली. रांग हलली. त्या दिवसापुरता हा उपाय समजण्यासारखा आहे. चूक त्यापुढची: असे काही केले आहे ही नोंद कुठेच झाली नाही, आणि ते कधी उलटवायचे याची तारीखही कोणी ठरवली नाही. नवीन मशीन आले की तीच बॅच फाइल पेनड्राइव्हवरून त्यातही जाई.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात एका वहीपासून झाली. अपडेटला, पासवर्डला, फायरवॉलला दिलेली प्रत्येक सूट त्यात लिहायची: कोणते मशीन, काय बंद केले, का, कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला पुन्हा चालू करायचे. ही तारीख ९० दिवसांपलीकडची नको. वही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण पुढचा माणूस आल्यावर त्याला मागच्या माणसाच्या डोक्यात काय होते ते कळते.

यादी

आधी मोजणी. शाखाधिकाऱ्यांना तक्ते पाठवून भरून मागवले तर “विंडोज १०, ओके” एवढेच लिहून येते, म्हणून ईडीपीच्या माणसाने स्वतः जाऊन प्रत्येक मशीनवर आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक (कोणत्या पॅचपर्यंत आले ते सांगणारा) पाहिला. सोबत प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क साधी की एसएसडी, टीपीएम ही सुरक्षेची चिप आहे का आणि मागे काय काय जोडले आहे हे लिहिले. मागची वायर बघणे सगळ्यात महत्त्वाचे. पासबुक प्रिंटर, चेक स्कॅनर, पिग्मीच्या (रोजच्या ठेव वसुलीच्या) मशीनची केबल, डिजिटल सहीचा टोकन, मराठी-कन्नड टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल: पॅचमुळे जे अडते ते यांपैकीच काहीतरी असते.

निघाले ते असे. विंडोज ७ ची ७ मशीन. विंडोज १० ची ५८, त्यात ४१ शेवटच्या २२एच२ आवृत्तीवर आणि १७ त्याहून जुन्या, काही तर १९०९ वर, जिच्या प्रो आवृत्तीचे अपडेट मे २०२१ मध्येच थांबले. विंडोज ११ ची ९. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला होता, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे अपडेटची सेवा चालू केली असती तरी ६५ मशीनना नवीन पॅच मिळणार नव्हते. पॅच व्यवस्थापन म्हणून सुरू झालेले काम इथे खरेदीच्या कामाला येऊन भिडले, आणि ते टाळता येत नाही.

५८ पैकी ३४ मशीन इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीची होती आणि त्यात टीपीएम २.० होते, फक्त बायोसमध्ये बंद. ती विंडोज ११ ला चालणार होती. उरलेली २४ चौथ्या ते सातव्या पिढीची. विंडोज ७ ची सातही आणि या २४ पैकी सगळ्यात जुनी १० बदलायची ठरली. राहिली १४. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वाढीव सुरक्षा अपडेटचा परवाना, ज्याला ईएसयू म्हणतात, पहिल्या वर्षाला दर मशीनमागे ६१ डॉलर. चौदांचे ८५४ डॉलर, म्हणजे डॉलर ८८ ते ९० रुपये धरला तर ७५ ते ७७ हजार, वर कर. दुसऱ्या वर्षी दर दुप्पट होतो, आणि उशिरा घेतला तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. त्यामुळे हा परवाना एकाच वर्षापुरता, तेवढ्यात मशीन बदलायचे, असे मंडळाकडून लिहून घेतले. नियम मोडून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ चढवायचे मार्ग इंटरनेटवर भरपूर सापडतात. ठेवीदारांच्या पैशाची नोंद ठेवणाऱ्या मशीनवर ते करू नयेत. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आवृत्ती बदलण्याआधी ज्या मशीनमध्ये साधी हार्ड डिस्क होती त्यात २५६ जीबीची एसएसडी घातली. कारण वेगापेक्षा विजेचे आहे. हेस्कॉम या वीज कंपनीची लाइन पावसाळ्यात जांबोटी-नंदगड भागात किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो, आणि काउंटरखालचा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांचा. साध्या डिस्कवर आवृत्ती बदलायला तास-दीड तास लागतो. मध्येच वीज गेली तर मशीन उठेल याची खात्री नाही. या दोन शाखांची मशीन दोन-दोन करून बेळगावला आणूनच बदलली. खानापूर बेळगावपासून पाऊण तासावर, म्हणून हे जमते. निपाणी पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. तिथे शाखेत इन्व्हर्टर असल्याचे पाहून एका रविवारी जागेवरच काम केले.

प्रिंटरचा प्रश्न आधी सोडवला

काउंटर अडणार नाही हे दाखवल्याशिवाय एकही शाखाधिकारी अपडेट मनापासून चालू ठेवणार नाही. म्हणून पॅच लावण्याआधी मुख्य कार्यालयात एक चाचणी-काउंटर उभा केला. शाखेत असतो तोच पासबुक प्रिंटर, दोन मशीन, एक विंडोज १० चे आणि एक ११ चे, चेक स्कॅनर, पिग्मीची केबल आणि व्हेंडरच्या सॉफ्टवेअरचा चाचणी डेटाबेस. लागणारे सगळे सामान संस्थेच्याच कपाटात आणि अडगळीत पडलेले होते.

शेअर केलेल्या प्रिंटरसाठी जो क्रम टिकला तो असा. आधी दोन्ही मशीन ताज्या अपडेटवर आणायची. एक ताजे आणि एक जुने राहिले की भांडण होते. मग प्रिंटर जोडलेल्या मशीनवर फक्त छपाईसाठी एक साधे खाते पासवर्डसह बनवायचे आणि दुसऱ्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तेच नाव-पासवर्ड साठवायचे, म्हणजे रोज विचारत नाही. बिनपासवर्डचे शेअरिंग आता तसेही चालणार नाही, कारण विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत गेस्ट म्हणून शिरणे बंद आहे आणि एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीत प्रत्येक संदेशावर डिजिटल सही (सायनिंग) सक्तीची आहे. त्यानंतर दुसऱ्या मशीनवर ड्रायव्हर अ‍ॅडमिन अधिकाराने स्थानिक घालायचा, प्रिंटर ‘लोकल पोर्ट’ म्हणून जोडायचा आणि पोर्टच्या नावाच्या जागी शेअरचा पूर्ण पत्ता द्यायचा. असे केले की छपाई त्या अडलेल्या मार्गाने जातच नाही आणि एन्क्रिप्शनची अट शून्य ठेवायची गरज उरत नाही. शेवटी रजिस्ट्रीतली २०२१ ची ती नोंद काढून टाकायची, स्पूलर बंद-चालू करायचा आणि खरे पासबुक घालून छापून बघायचे. ड्रायव्हर बदलला की समास सरकतो. ओळ पासबुकाच्या शिवणीवर पडते आणि दोन नोंदी वाचता येत नाहीत. कोऱ्या कागदावरच्या चाचणीत हे कळत नाही.

टप्पे आणि पिग्मीची केबल

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, अमेरिकेत हिवाळा असेल तर साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे काम बुधवारी सुरू होते. बुधवारी चाचणी-काउंटर आणि ईडीपीची दोन मशीन. शुक्रवारी टिळकवाडी शाखेची पाच, कारण तिथे माणूस पंधरा मिनिटांत पोचतो. पुढच्या आठवड्यात शहर आणि जवळपासच्या शाखा, आणि शेवटी खानापूर, नंदगड, जांबोटी, निपाणी. एकाच वेळी सगळीकडे अपडेट का सोडू नये, हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले आहे. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळ्या पडद्यावर गेली.

पहिल्याच फेरीत टिळकवाडीत पिग्मी अडली. एजंट संध्याकाळी हातातले मशीन आणून केबलने संगणकाला जोडतात आणि दिवसभराची वसुली उतरवतात. अपडेटनंतर संगणकाला मशीन दिसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावाच्या जागी इंग्रजीत संदेश: पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. विंडोज अपडेटने सुरक्षा पॅचसोबत चिपचा नवा ड्रायव्हरही आणला होता, आणि नवा ड्रायव्हर जुन्या व नकली चिप ओळखायला नकार देतो. पॅच निर्दोष होता, अडवले ते सोबत आलेल्या ड्रायव्हरने.

त्या संध्याकाळी डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर एक आवृत्ती मागे घेतला आणि वसुली उतरली. नंतर दोन कायमचे बदल केले. ग्रुप पॉलिसीत ‘विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर नको’ ही मांडणी सगळ्या मशीनवर लावली. ड्रायव्हर यापुढे ईडीपी ठरवेल तेव्हाच. आणि अकराही शाखांच्या पिग्मी केबली काही शे रुपयांच्या नव्या, चालू चिपच्या केबलींनी बदलल्या. हाच बिघाड सगळ्या शाखांत एकाच संध्याकाळी झाला असता तर बॅच फाइल पुन्हा फिरली असती. पाच मशीनवर झाला म्हणून तो तासाभरात निवळला.

वेळ कोणती

रात्री अपडेट लावा, हा पुस्तकातला सल्ला इथे लागू पडत नाही. शॉर्टसर्किटच्या आणि विजांच्या भीतीने शिपाई संध्याकाळी मेन स्विच बंद करून जातो, आणि कौलारू इमारतीतल्या शाखेत ते बरोबरच आहे. त्यात विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असले की रोजचे शटडाउन पूर्ण शटडाउन नसते. अपडेट उतरलेले असते, पण लागत नाही. काही मशीन रोज बंद होत असूनही अपटाइम (सलग चालू असल्याचा काळ) आठवड्यांचा दाखवत होती, त्याचे कारण हेच. फास्ट स्टार्टअप सगळीकडे बंद केले.

डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, होईपर्यंत एक मशीन लागतेच. म्हणून वेळ साडेपाचची धरली आणि शाखेची मशीन दोन दिवसांत वाटली. व्हॉट्सअ‍ॅप गटावर मराठी आणि कन्नड दोन्हींत एकच ठरलेला संदेश जातो:

“आज ५.३० नंतर काउंटर २ व ३ वर ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ दाबा. काउंटर १ व ऑफिसरचे मशीन उद्या. पडद्यावर टक्के दिसत असताना मेन स्विच बंद करू नका. पुन्हा लॉगिन झाल्यावर एक पासबुक छापून बघा आणि ‘झाले’ लिहा. ६.३० पर्यंत झाले नाही तर ईडीपीला फोन करा, मशीन तसेच चालू ठेवा.”

शेवटचे वाक्य सगळ्यात जास्त कामाचे ठरले. फोन उचलणारा माणूस साडेसातपर्यंत थांबतो हे कळल्यावर शाखांची कुरकुर कमी झाली.

दूरच्या शाखांसाठी चौथा शनिवार, सुट्टीचा, धरावा असे आधी वाटले होते. पण कॅलेंडर बघितले तर दुसऱ्या मंगळवारपासून चौथा शनिवार कधी ११ दिवसांवर येतो, कधी १८. महिन्याचा दुसरा मंगळवार ८, ९ किंवा १० तारखेला आला की १८ होतात. संस्थेने स्वतःला घातलेली मर्यादा १४ दिवसांची, त्यामुळे त्या महिन्यांत दूरच्या शाखा आधीच्या आठवड्यात उरकतात. २५ मार्च ते ५ एप्रिल वर्षअखेरीसाठी काहीही बदलायचे नाही, अपवाद फक्त तातडीच्या पॅचचा.

चौदा दिवस कुठून आले? वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने १२ मे २०१७ ला हल्ला केला. त्याला अडवणारा पॅच १४ मार्चला, ५९ दिवस आधी आला होता. तेव्हा दोन महिने हाताशी होते. आता तेवढे मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द डब्ल्यूएसयूएसमध्ये, म्हणजे पॅच वाटणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्येच, दुरून ताबा घेऊ देणारी त्रुटी निघाली. २३ तारखेला तातडीचे अपडेट आले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. म्हणून दुसरा नियम: त्या यादीत किंवा सर्ट-इनच्या सूचनेत आपल्याकडचे काही आले तर ७२ तास, आणि इंटरनेटला थेट लागलेले यंत्र असेल तर २४. टप्पे तेव्हाही पाळायचे, फक्त दिवसांऐवजी तासांत.

इंटरनेटच्या वेगाचा हिशेबही करावा लागला. शाखेला १० एमबीपीएस मिळतात असे धरले आणि अपडेट १ जीबीचे असेल, तर पाच मशीनना मिळून सुमारे ६७ मिनिटे पूर्ण लाइन लागते. तेवढ्यात व्हीपीएन रेंगाळते आणि काउंटर पुन्हा अडतो. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या सोयीत ‘फक्त स्थानिक नेटवर्क’ निवडले की एक मशीन उतरवून घेते आणि बाकीची बहुतांश भाग त्याच्याकडून घेतात. वेळ पंधरा-वीस मिनिटांवर येतो. अकरा ठिकाणी वर्कग्रुपवर (मध्यवर्ती ताब्याशिवाय) चालणाऱ्या संस्थेला डब्ल्यूएसयूएस उभारण्याचा सल्ला आता देणार नाही. त्याचा विकास थांबवल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगितले आहे, आणि तो इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरकडे बघतही नाही. प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवून चालणारे पॅचचे साधन घ्यावे आणि त्यात दोन गोष्टी आहेत का ते पाहावे: टप्प्यांचे गट करता येणे, आणि मशीनचा खरा बिल्ड क्रमांक दाखवणे. ‘सक्सेस’ या शब्दावर विसंबू नये. रीस्टार्ट राहिलेले मशीनही तो दाखवते.

विंडोजच्या पलीकडचे

क्रोम स्वतःहून ताजे होते, पण बंद करून उघडल्यावरच; काउंटरवर ते आठवडेच्या आठवडे उघडे असते. विनआरएआर तर स्वतःहून ताजे होतच नाही. त्यातली, हल्लेखोर वापरत असलेली त्रुटी जुलै २०२५ अखेर ७.१३ ने बुजवली. इथे ७४ पैकी ५१ मशीनवर त्याहून जुनी आवृत्ती निघाली. झिप उघडणे विंडोजला स्वतःला येते, म्हणून ते काढूनच टाकले. जे लागत नाही ते काढणे हा सगळ्यात स्वस्त पॅच.

राउटरसाठी वेगळा दिवस ठेवला. आधी मांडणीची प्रत बाहेर काढून ठेवायची, मग फर्मवेअर चढवायचे, आणि हे काम शाखेत माणूस असतानाच करायचे, कारण राउटर उठला नाही तर दुरून काहीच करता येत नाही. ३३८९ चे पोर्ट अकराही ठिकाणी बंद केले. व्हेंडरला आता व्हीपीएनमधून, ईडीपीने वेळ उघडून दिल्यावरच प्रवेश मिळतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या मशीनची रिकव्हरी-की छापून तिजोरीत ठेवली, कारण बायोस बदलल्यावर मशीन ती मागू शकते. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवायचे. हा विषय २०२६ मध्ये पुन्हा येणार आहे: मशीन सुरू होताना खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून संपू लागतात. नवी प्रमाणपत्रे मासिक अपडेटमधून येतात, पण काही जुन्या मशीनना उत्पादकाचे बायोसही लागेल.

सर्व्हर

सगळ्यात अवघड दुखणे इथे होते आणि ते अजून पूर्ण बरे झालेले नाही. कोअर बँकिंगचा सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर. त्याचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यावरच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०१४’ या डेटाबेसचा जुलै २०२४ ला. व्हेंडरचे म्हणणे, नव्या विंडोजवर आमचे सॉफ्टवेअर तपासलेले नाही, पॅच लावलात तर जबाबदारी तुमची. असे उत्तर खूप ठिकाणी मिळते आणि संस्था त्यावर गप्प बसते. गप्प बसू नये. देखभाल कराराच्या नूतनीकरणात दोन कलमे घालून घेतली: मायक्रोसॉफ्टच्या चालू आवृत्तीवर सॉफ्टवेअर चालवून देण्याची तारीख, आणि मासिक पॅच आल्यापासून ७ दिवसांत लेखी होकार किंवा नेमकी अडचण. देखभालीचा चौथा हप्ता या तारखेला बांधला.

तोवर सर्व्हरभोवती कुंपण. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), इंटरनेट पूर्ण बंद, शाखांकडून फक्त डेटाबेसचे १४३३ पोर्ट, रिमोट डेस्कटॉप ईडीपीच्या एकाच मशीनवरून, एसएमबीची पहिली आवृत्ती काढलेली, स्पूलर बंद. रोजचा बॅकअप दोन ठिकाणी, त्यातला एक डिस्क काढून तिजोरीत, आणि महिन्यातून एकदा चाचणी-सर्व्हरवर उतरवून शाखांचा एकूण शिल्लक ताळा जुळवायचा. जुळलेला ताळा हाच बॅकअपचा पुरावा. ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश पुरावा होत नाही. कुंपणाने धोका कमी होतो, संपत नाही, हे मंडळाला लेखी दिले आहे. बाहेरच्या पुरवठादाराच्या दाराने संकट कसे येते याचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२४ च्या शेवटी लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडावे लागले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले.

तीन फेऱ्यांनंतर

७४ पैकी ६९ मशीन चौदा दिवसांच्या आत ताज्या बिल्डवर होती. राहिलेल्या पाचांची कारणे वहीत आहेत: दोन दुरुस्तीला गेलेली, एक रजेवर असलेल्या अधिकाऱ्याच्या कपाटातला लॅपटॉप, एकाच्या डिस्कमध्ये जागा नाही, आणि एक लेखा विभागातले, ज्याच्या जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरचा डोंगल विंडोज ११ च्या मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सोयीला चालत नाही. त्यावर ती सोय बंद करण्याऐवजी कागदपत्रे युनिकोडमध्ये नेण्याचे काम सुरू आहे. सूट मार्चअखेरपर्यंतच दिलेली आहे. सुरक्षा लॉगची मर्यादा वाढवली आणि रोजची प्रत मुख्य कार्यालयात ठेवली जाते, १८० दिवसांसाठी. सर्ट-इनला कळवायचा नमुना भरून, संस्थेचा तपशील आधीच लिहून, ईडीपीच्या टेबलावर लॅमिनेट करून लावला आहे.

मंडळापुढे पुढची तारीख एकच आहे. चौदा मशीनच्या ईएसयूचे पहिले वर्ष १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, आणि सर्व्हर २०१२ आर२ साठी विकत मिळणारा वाढीव आधारही त्याच दिवशी कायमचा संपतो. सर्व्हर हलवायला वर्षअखेरीनंतरचा एप्रिल-मेचा काळ सोयीचा, पावसाळ्याआधीचा. त्यासाठी नवीन सर्व्हर, परवाने आणि चौदा संगणक यांची रक्कम याच अंदाजपत्रकात मंजूर झाली पाहिजे. जूनमध्ये मागणी केली तर माल येईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो.